वाढत्या अंगाचं हेल्मेट

पुण्यात ‘हेल्मेट’ हा शब्द उच्चारला की चर्चा दोनच दिशांना जाते. एक, पोलिस आणि पावती. दोन, "मानेला त्रास होतो हो, आणि मागचं काही ऐकूच येत नाही." आजचा विषय या दोन्हींपैकी नाही, त्यामुळे समस्त पेठकरांनी निर्धास्तपणे वाचावं. (ह. घ्या.) विषय आहे चारचाकीत बसून घालायच्या हेल्मेटचा.

हो, चारचाकीत. आमच्यासारखी काही मंडळी सोमवार ते शुक्रवार इमानदारीत कोड लिहितात आणि वर्षातले दोन-चार वीकेंड गाडी रस्त्यावर चालवायला नको इतक्या जोरात चालवण्यात घालवतात, अर्थात बंद ट्रॅकवर. मला हा नाद ऑनसाइट असताना कॅलिफोर्नियात लागला. तिथे रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस चालतं. एका वेळी एक गाडी आणि घड्याळाशी शर्यत. परत आल्यावर कोइंबतूरचं कारी आणि चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक झाला. आता ऑफिसमधली पोरंही येतात. कुणी स्वतःची पोलो घेऊन, कुणी फॉर्म्युला एलजीबीच्या ट्रेनिंगला पैसे भरून. आणि प्रत्येक जण येण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "हेल्मेट कुठलं घेऊ?"

‘कुठलं’ म्हणजे कुठल्या कंपनीचं. बेल, अराई, स्टिलो की सिम्पसन, फायबर की कार्बन, मॅट काळं की पांढरं. माझं मत असं, की प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. योग्य शिक्का असलेल्या हेल्मेटांपैकी जे तुमच्या डोक्याला बरोबर बसतं ते घ्यावं, मग ते त्यातलं सगळ्यात स्वस्त असलं तरी चालेल. आणि जे बसत नाही ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. वाचायला हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात दहातले आठ जण शिक्का बघतात, रंग बघतात, किंमत बघतात आणि माप मात्र अंदाजपंचे घेतात. वर "एक साइझ मोठंच घे, नंतर त्रास नको" असा सल्ला द्यायला कुणीतरी असतोच.

त्यात त्या सल्ला देणाऱ्याचा दोष नाही. आपण सगळे वाढत्या अंगाच्या कपड्यांवर वाढलेली माणसं. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरेल असा, चप्पल एक बोट पुढे, स्वेटर तर थेट धाकट्या भावापर्यंत. मोठं घेणं म्हणजे शहाणपणा हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. पण हेल्मेटच्या बाबतीत हा हिशेब बरोबर उलटा आहे. डोकं वाढत नाही. वाढतं ते हेल्मेट! आतल्या मऊ गाद्या वापराने दबतात आणि नवं असताना नीट बसलेलं हेल्मेट वर्षभरात थोडं सैल होतं. म्हणजे ते आपोआपच वाढत्या अंगाचं असतं. तुम्ही वरून आणखी एक साइझ वाढवलात, तर दुसऱ्या सीझनला डोक्यावर घमेलं.

आता थोडं आपल्या धंद्याच्या भाषेत. हेल्मेटवरचा शिक्का म्हणजे काय, तर युनिट टेस्ट पास झाल्याचा दाखला. प्रयोगशाळेत ठरावीक आकाराचं धातूचं डोकं असतं, त्यावर ते हेल्मेट व्यवस्थित बसवतात आणि वेगवेगळ्या कोनांतून आपटतात. आत किती धक्का पोचला ते मोजतात. ठीक. पण तुमचं डोकं म्हणजे ते धातूचं डोकं नव्हे. तुमचं डोकं आणि ते हेल्मेट यांची इंटिग्रेशन टेस्ट कुणी केलेली नसते, ती तुम्हालाच करावी लागते. ती न करता शिक्क्यावर भरवसा ठेवणं म्हणजे आपला तो जगप्रसिद्ध डायलॉग, "माझ्या मशीनवर तर चालतंय."

हेल्मेट काम कसं करतं हे कळलं की मापाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरचं कवच दिसायला दणकट असतं, पण खरी मेहनत आतला ईपीएस फोम करतो. ईपीएस म्हणजे आपला गणपतीच्या मखराचा थर्मोकोल, फक्त जास्त घट्ट. धक्का बसला की तो चिरडतो आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटीमीटर मिळतात. कागदावरचं सोपं गणित करून बघा. डोकं ताशी २७ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेसात मीटरने, आदळलं आणि ३ सेंटीमीटरमध्ये एकसारखं थांबलं, तर साधारण ९६ जी इतका धक्का बसतो. तेच थांबणं १ सेंटीमीटरमध्ये उरकलं, तर २८७ जी. ताशी २७ किलोमीटर हा काही रेसचा वेग नाही. सुमारे पावणेतीन मीटरवरून, म्हणजे एका मजल्यावरून, पडलात तरी तेवढा वेग येतो. थोडक्यात काय, तर सगळा खेळ त्या दोन सेंटीमीटरचा आहे आणि ते दोन सेंटीमीटर धक्का बसेल त्या क्षणी, त्या जागी असायला हवेत. सैल हेल्मेट पहिल्याच झटक्यात मागे सरकलं, तर कपाळासमोर फोम उरतच नाही. शिक्का मात्र जागच्या जागी असतो!

ही काल्पनिक भीती नाही. निकी लाउडाची गोष्ट ‘रश’ सिनेमामुळे (२०१३) बऱ्याच जणांना माहीत आहे. १ ऑगस्ट १९७६, न्युर्बुर्गरिंग, जर्मन ग्रां प्री. गाडी धडकली, पेटली, मागून येणाऱ्या ड्रायव्हरांनी त्याला आगीतून ओढून काढलं. सिनेमात आग लक्षात राहते. लक्षात राहत नाही ती गोष्ट अशी, की त्याच्या हेल्मेटमध्ये फेरफार केलेले होते, ते त्याला नीट बसत नव्हतं, आतला फोम दबला आणि हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं. चेहरा उघडा पडला. सहा आठवड्यांत तो मोंझाला परत गाडी चालवायला उभा राहिला आणि चौथा आला, हे त्याचं थोरपण. पण भाजल्याच्या खुणा जन्मभर राहिल्या. जगज्जेता ड्रायव्हर, फेरारीसारखी टीम आणि हेल्मेट न बसणारं. आपण कोण लागून गेलो?

असो. आता मुद्द्याचं. खरेदीला दोन चाळण्या लावा आणि क्रम बदलू नका.

पहिली चाळणी शिक्क्याची. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो, "माझ्याकडे बाइकचं भारीतलं हेल्मेट आहे, तेच वापरतो." दुचाकीच्या हेल्मेटवरचा आयएसआय मार्क, म्हणजे आयएस ४१५१, हा दुचाकीस्वारांसाठी आहे. रस्त्यावर तो हवाच. रेसकारची गरज वेगळी. अमेरिकेतल्या स्नेल फाउंडेशनची मानकं या कामात सगळ्यात जास्त चालतात. त्यात ‘एम’ म्हणजे मोटरसायकल, ‘के’ म्हणजे कार्टिंग आणि ‘एसए’ म्हणजे मोटारींच्या शर्यती. एसएमध्ये आगीची चाचणी असते, एममध्ये नसते. एसएमध्ये रोल केजच्या नळीवर डोकं आपटण्याची चाचणी असते, कारण गाडीत तुमच्या डोक्याच्या आजूबाजूला लोखंडी नळ्याच असतात. उलट एम हेल्मेटची खिडकी जास्त रुंद ठेवावी लागते, कारण बाइकवाल्याला सगळीकडे बघायचं असतं. म्हणजे हा कमी-जास्त दर्जाचा प्रश्नच नाही, दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी अवजारं आहेत. ऑटोक्रॉससारख्या प्रकारात काही क्लब एम चालवून घेतात, पण खऱ्या शर्यतीसाठी स्नेल एसए किंवा एफआयएचं ८८५९ यापैकी काहीतरी लागतंच. पैसे देण्याआधी तुमच्या स्पर्धेचा नियम वाचा. आणि वर्ष बघा. एसए२०१५, एसए२०२०, एसए२०२५ अशी दर पाच वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि जुन्या आवृत्त्यांचा सपोर्ट हळूहळू बंद होतो. हे आपल्याला समजावून सांगायला नको :)

जाता जाता, हे स्नेल कोण? विल्यम ‘पीट’ स्नेल हा आपल्यासारखाच हौशी रेसर. १९५६ मध्ये शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण ते वाचवू शकलं नाही. त्याच्या मित्रांनी आणि डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने ही संस्था काढली. त्या स्टिकरच्या मागे एका हौशी माणसाचा मृत्यू आहे, हे मला तो स्टिकर बघताना दर वेळी आठवतं.

दुसरी चाळणी मापाची, आणि ही लोक गाळतात.

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, असा वेढा घ्या. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. हा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. ५८ सेंटीमीटरचा वेढा एखाद्याच्या लांबट डोक्याचा असतो, एखाद्याच्या गोल गरगरीत डोक्याचा. दोन्हींचा घेर सारखा, आकार वेगळा. एखाद्या मित्राला वरून, टाळूच्या बाजूने, डोक्याचा फोटो काढायला सांगा, लगेच कळतं. (टक्कल असेल तर आणखी लवकर कळतं.) प्रत्येक कंपनी आपल्या मनातल्या एका डोक्यासाठी हेल्मेट बनवते. लांबट डोकं गोल हेल्मेटमध्ये गेलं की कपाळ आणि मागची बाजू दुखते आणि कानांच्या वर फट राहते. मग माणूस एक साइझ वाढवतो. कपाळ सुटतं, पण बाजूची फट दुप्पट होते. इथे साइझ बदलायचा नसतो, मॉडेल बदलायचं असतं. मी एका कंपनीचं ‘मीडियम’ आणि दुसरीचं ‘लार्ज’ एकाच दुपारी घालून बघितलंय. दोन्ही चार्टनुसार ५८ ला बसणारी. एक तासभर आरामात घातलं, दुसरं पाच मिनिटांत काढावं लागलं.

डोक्यात घातल्यावर काय बघायचं?

१. घालतानाच जरा झगडा व्हायला हवा. हनुवटीचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून घाला. टोपीसारखं सहज गेलं तर ते मोठं आहे.

२. गाल दाबले गेले पाहिजेत. आरशात आपण खारीसारखे दिसायला हवं. काही चावल्यासारखं केलं की गालाची आतली बाजू दाताखाली येते की नाही बघा. येत असेल तर उत्तम.

३. हेल्मेट हातांनी धरून डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट फिरतंय, तर नमस्कार करून परत द्या.

४. कपाळ आणि गादी यांच्यामध्ये बोट घालायचा प्रयत्न करा. जाता कामा नये.

५. ही सगळ्यात महत्त्वाची. पट्टा नीट आवळा. मित्राला मागे उभं करून मानेजवळची खालची कड वर आणि पुढे ओढायला सांगा. लाजत लाजत नको, जोरात. हेल्मेट निघालं किंवा डोळ्यांवर आलं, तर त्याची किंमत आणि कंपनी विसरून जा.

६. अर्धा तास घालून बसा. टीव्ही बघा, फोनवर मीटिंग करा, बायको काय म्हणते तिकडे लक्ष देऊ नका. काढल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी लालभडक खूण असेल आणि तिथेच ठणकत असेल, तर आकार चुकलाय.

घट्ट आणि टोचणारं यातला फरक ओळखता आला पाहिजे. नवी कोल्हापुरी चप्पल आठवा. ती सगळीकडून आवळते आणि महिन्याभरात पायाची होते. पण तिच्यात एखादा खिळा वर आलेला असेल, तर तो वर्षभर वापरूनही तुमचा होत नाही. हेल्मेटचंही तसंच. सगळीकडून सारखा दाब असेल तर सवय होते. एकाच बिंदूवर दाब असेल तर चौथ्या लॅपला डोकं दुखायला लागतं आणि सहाव्या लॅपला तुम्ही ब्रेकिंग पॉइंट सोडून कपाळाचा विचार करता. गालाच्या गाद्या जाड-पातळ मिळतात, त्या बदलून घेता येतात. आतला ईपीएस मात्र खरवडायचा नाही, कापायचा नाही, अंगठ्याने दाबून जागाही करायची नाही. काही जण हे सर्रास करतात. लाउडाची गोष्ट पुन्हा वाचा.

या चाचण्या रेसच्या वेशात करा. बऱ्याच शर्यतींत हेल्मेटखाली बालाक्लाव्हा घालावा लागतो. हा म्हणजे आपल्या माकडटोपीचा अग्निरोधक चुलतभाऊ. तो घालूनच माप बघा. चष्मा असेल तर (आपल्या जमातीत नसणारे किती?) हेल्मेट घातल्यावर काड्या सरळ आत सरकतात का आणि कानावर दाबतात का ते बघा. सरळ काड्यांचा एक स्वस्त चष्मा वेगळा करून ठेवलेला बरा. मग गाडीत बसा. बकेट सीटमध्ये, बेल्ट लावून. डोकं छताला किंवा रोल केजला लागतंय का? मान वळवून दोन्ही आरसे दिसतात का? खांद्यावर हॅन्स असेल तर हनुवटीचा भाग त्यावर अडकतो का? हॅन्स म्हणजे खांद्यावर बसणारी आणि बेल्टने दाबून धरलेली ती कॉलर, जी पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली असते. समोरून धडक झाली की छाती बेल्टमुळे थांबते आणि डोकं पुढे जातं. ते हॅन्स धरून ठेवतं. डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाला कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला आणि त्याच वर्षी नॅसकारने असं उपकरण सक्तीचं केलं. एसए२०१५ पासूनच्या हेल्मेटमध्ये हॅन्सचे खिळे बसवायला आटे असतातच. पण गंमत बघा, हॅन्स हेल्मेटला धरतो, डोक्याला नाही. डोक्याला धरायचं काम हेल्मेटचं. मधली कडी सैल असेल, तर बाकी सगळी साखळी फुकट.

आता नेहमीचे आक्षेप.

"वर्षातून दोनदा जातो, तिथलं भाड्याचं घालीन." क्लबकडे नवख्यांसाठी उसनी हेल्मेटं असतात आणि त्यांची सोय चांगली आहे. शंकूंमधून पहिल्यांदा गाडी चालवून बघायला हरकत नाही. पण शंभर डोक्यांनी गाद्या दाबलेलं हेल्मेट घालून ताशी दीडशेच्या ट्रॅकवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका मोठ्या ट्रॅक डेला मला काउंटरवरून दिलेलं हेल्मेट पट्टा आवळूनही मान हलवली की मागे राहत होतं. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "सर, शिक्का आहे ना?" मी माझं घालून गेलो. ज्याच्याकडे स्वतःचं नव्हतं, तो तेच घालून गेला.

"सेकंडहँड स्वस्तात मिळतंय." ईपीएस एकदा चिरडला की परत फुगत नाही आणि बाहेरून ते दिसेलच असं नाही. शिवाय आतल्या गाद्या दुसऱ्याच्या डोक्याच्या झालेल्या. नको. स्नेलवाले स्वतः पाच वर्षांनी हेल्मेट बदला म्हणतात.

"कार्बन जास्त सेफ ना?" कार्बन हलकं असतं आणि मानेला ते बरं. पण एसए पास व्हायला दोघांना त्याच चाचण्या असतात आणि किमतीत तिप्पट-चौपट फरक सहज पडतो. बसणारं फायबर आणि न बसणारं कार्बन यात मला निवड करायला एक सेकंदही लागत नाही.

"इथे घालून बघायला मिळतं कुठे? ऑनलाइनच मागवावं लागतं." हा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्याकडे चार कंपन्यांची एसए हेल्मेटं दुकानात ओळीने मांडलेली सापडणं कठीण. उपाय दोन. परत घेण्याची अट नसेल तिथून मागवू नका, मग शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि ट्रॅकवर गेलात की लोकांची हेल्मेटं मागून घालून बघा. हौशी रेसर आपल्या सामानाबद्दल बोलायला इतके आसुसलेले असतात, की नाही म्हणत नाहीत. मी माझ्या मॉडेलचा शोध असाच लावला.

शेवटचं मागणं आयोजकांकडे. शर्यतीआधी गाडीची आणि सामानाची तपासणी होते. त्यात हेल्मेटचं अस्तर उचलून स्टिकर बघतात आणि पुढे पाठवतात. माझं म्हणणं एवढंच, की हेल्मेट ड्रायव्हरच्या हातात नको, डोक्यावर हवं. पट्टा आवळायला सांगा आणि मागून एकदा ओढून बघा. माणशी दहा सेकंद. चाळीस ड्रायव्हर म्हणजे सात मिनिटंही नाहीत. तेवढ्याने स्पर्धा उशिरा सुरू होणार नाही, आणि झाली तरी आपल्याकडे कुठला कार्यक्रम वेळेवर सुरू होतो?

आणि आयोजक ओढत नसतील, तर एकमेकांचं ओढा. पुढच्या वेळी पिटमध्ये मी तुमच्या मागे येऊन उभा राहिलो, तर घाबरू नका. मान सैल सोडू नका म्हणजे झालं.